मित्र व्हायला किती तास लागतात? जर्मनीत गेलेल्यांच्या एकटेपणाचा हिशोब

भाचा ऑक्टोबरात श्टुटगार्टला मास्टर्स करायला आला. सहा आठवड्यांनी एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला, आमटी-भात ओरपला आणि ताटावरच बसून म्हणाला, "मावशी, शेजारच्या माणसाचं नाव मला ठाऊक आहे, पण ते बेलवरच्या पाटीमुळे. तो हॅलो म्हणतो आणि दार लावून घेतो. माझं काही चुकतंय का?"

बेलच्या पाटीची गंमत आधी सांगते. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, एवढ्यावर टपाल येतं. टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. त्यामुळे इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाचं आडनाव पहिल्याच दिवशी वाचायला मिळतं. माणूस मात्र मिळत नाही.

हा प्रश्न आता बऱ्याच मराठी घरांत पोचला आहे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट आपलाच. 2024 मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केला. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा अनेक आईबापांनी नकाशावर जर्मनी शोधली. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), जर्मनची परीक्षा यांवर ढीगभर माहिती मिळते. तिथे गेल्यावर बोलायचं कुणाशी, यावर फार कुणी बोलत नाही.

आणि अडचण खरी आहे. 'इंटरनेशन्स' ही संस्था दरवर्षी एक्सपॅटांची, म्हणजे कामाधंद्यासाठी दुसऱ्या देशात राहणाऱ्यांची पाहणी करते. 2024 च्या पाहणीत 53 देशांत जर्मनी 50 वी आली. पगारात नव्हे, रुळण्यात ती मागे पडते.

आंबा आणि फणस

पहिलं उत्तर सगळे देतात ते असं, की जर्मन माणूस थंड असतो. हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे.

कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये शिकवत. ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये त्यांना देश सोडावा लागला, ते अमेरिकेत गेले. म्हणजे ते स्वतःच परदेशात रुळू पाहणारे. 1936 मध्ये त्यांनी दोन्ही समाजांची तुलना करणारा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या मनाला कांद्यासारखे पापुद्रे असतात. अमेरिकी माणसाचे बाहेरचे बरेच पापुद्रे कुणालाही खुले असतात, अगदी आतला गाभा मात्र बंद. जर्मन माणसाचा बाहेरचाच पापुद्रा कडक. तो एकदा ओलांडला की आत बरंच मोकळं.

पुढे लोकांनी याला पीच आणि नारळ अशी फळांची नावं दिली. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. कोकणी माणसाला आपण फणस म्हणतोच की, वरून काटे, आत गरे. अमेरिकी माणूस आंबा: पहिल्या घासापासून गोड, पण कोयीपाशी दात थांबतो. जर्मन फणस आहे. आणि फणस फोडायला हाताला तेल लावावं लागतं, धीर लागतो, चीक चिकटतो. भाच्याला पुण्यात आंब्यांची सवय होती, एवढंच.

अर्थात आठ कोटींहून जास्त लोकांना एका फळात कोंबणं हा अन्यायच. माझ्या ओळखीत कोलोनचे असे जर्मन आहेत की बसस्टॉपवर तुमच्या लग्नाची चौकशी करतील. तरी पहिल्या वर्षी हा ढोबळ नकाशा उपयोगी पडतो.

'मित्र' या शब्दाचं माप

आपण कॉलेजात ज्याच्याशी दोनदा चहा प्यायलो तो 'मित्र'. जर्मनमध्ये त्याला 'बेकान्टर' म्हणतात, ओळखीचा. 'फ्रॉइंड', म्हणजे मित्र, हा शब्द माणसं जपून वापरतात. वर्षानुवर्षं सोबत जेवणाऱ्या सहकाऱ्याबद्दल कुणी "माझा ओळखीचा" म्हणालं की आपल्याला लागतं. त्यात कमीपणा नसतो. त्यांचं माप वेगळं असतं.

संबोधनाचंही तसंच, पण इथे मराठी माणसाचं डोकं तयार असतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. त्यांच्याकडे 'दू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. देवाला तेही 'दू' म्हणतात, जसं आपण विठ्ठलाला अरेतुरे करतो. फरक एवढाच, की 'झी' वरून 'दू' वर यायला तिथे रीतसर आमंत्रण लागतं. वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तो म्हणतो, "आपण एकमेकांना दू म्हणू या." तोवर थांबायचं. विद्यार्थी आपसांत सरळ दू म्हणतात, अलीकडे बऱ्याच कंपन्यांतही तेच चालतं. शेजारच्या सत्तरीच्या बाईंना मात्र नाही.

तासांचा हिशोब

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. मैत्री स्वभावाने जमते असं आपण मानतो. बहुतांशी ती तासांनी जमते.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. नव्या गावी आलेल्या लोकांना आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्यांना त्यांनी विचारलं, अमुक माणसासोबत किती वेळ घालवलात आणि तो तुम्हाला कोण वाटतो? ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास लागले, मित्र व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. शिवाय सोबत काम करण्यात गेलेले तास फारसे जमेस धरता आले नाहीत. गप्पा, खेळ, उगाच बसणं यांतले तास मोजले गेले. पाहणी अमेरिकेतली आहे, आकडे घड्याळासारखे घेऊ नयेत. पण हिशोब करून पाहा.

सांगलीहून पुण्याला आलेला मुलगा हॉस्टेलवर राहतो. एक खोली, एक मेस, रात्री टपरीवरचा चहा. दिवसाला सहा तास धरले तरी जेमतेम पाच आठवड्यांत 200 तास भरतात. त्याला वाटतं आपण दिलखुलास आहोत म्हणून मित्र मिळाले. खरं तर खोलीचं दार एकच होतं.

तोच मुलगा श्टुटगार्टला येतो. स्वतंत्र खोली. व्याख्यान संपलं की माणसं पांगतात, कुणी नोकरीला, कुणी गावी आईकडे. एखाद्याशी आठवड्याला दोन तास भेट होत असेल तर 90 तासांना 45 आठवडे लागतात. नाताळाची सुट्टी, परीक्षा, आजारपण धरून वर्ष. जिवलग व्हायला दोन वर्षं. सहाव्या आठवड्यात तो बारा तासांवर उभा असतो आणि विचारतो, माझं काय चुकतंय?

काही चुकत नाही. गाडी वेळेवर आहे, प्रवासच लांबचा आहे.

मग ते दोन तास आणायचे कुठून?

जर्मन माणसाला चहाला बोलावलं तर तो डायरी काढतो आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो. "येताजाता डोकाव" हा प्रकार नाही. दर भेटीसाठी असा मुहूर्त काढावा लागला तर 90 तास जन्मात भरायचे नाहीत. मग ही माणसं स्वतः कशी मैत्री करतात?

त्यांचं उत्तर आहे 'फेराइन'. भाषांतर करायची गरज नाही, आपल्याकडे शब्द आहे: मंडळ. गणेश मंडळ, तालीम मंडळ, भजनी मंडळ. नोंदणी करायला किमान 7 सभासद लागतात, अध्यक्ष आणि खजिनदार असतात, वर्षाची वर्गणी असते, वार्षिक सभेत हिशेब तपासनीस पै-पैचा हिशेब वाचून दाखवतो. असे नोंदणीकृत फेराइन जर्मनीत 6 लाखांच्या आसपास आहेत. फुटबॉलचे, गायनाचे, मधमाश्या पाळणाऱ्यांचे, सशांच्या जाती जपणाऱ्यांचेसुद्धा.

मी बॅडमिंटनच्या फेराइनमध्ये गेले ती व्यायामासाठी. दर गुरुवारी संध्याकाळी आठ ते दहा, शाळेच्या हॉलमध्ये. पहिली नवलाई ही, की पहिल्याच दिवशी सगळे 'दू'. ऑफिसात ज्या शब्दासाठी वर्ष थांबले तो इथे बूट बदलता बदलता मिळाला. दुसरी ही, की कुणी माझी चौकशीच केली नाही. कुठून आलीस, लग्न झालंय का, काही नाही. तीन महिने आम्ही फक्त "आउट" आणि "सॉरी" एवढंच बोललो. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, दगडांशी खेळून आले.

मग उन्हाळी जत्रा आली. फेराइनचा केकचा स्टॉल असतो आणि भिंतीवर कागद लागतो, कोण काय आणणार ते लिहायला. सगळ्यांनी सफरचंदाचा केक, चीजकेक लिहिलं होतं. मी लिहिलं, 'रवा-नारळाचा केक'. सकाळी डबा घेऊन गेले तर स्टॉलवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घटकांची चिठ्ठी?" कुणाला कशाची ॲलर्जी असेल म्हणून प्रत्येक केकपुढे काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. मी तिथेच वहीचा कागद फाडून लिहिलं: रवा, ओलं खोबरं, दूध, साखर, तूप, वेलदोडा. तुपाला जर्मनमध्ये काय म्हणतात यावर तिघीजणी पंधरा मिनिटं वाद घालत बसल्या. भांडी घासताना त्यातल्या एकीने पहिल्यांदा मला विचारलं, तुझी आई काय करते? तोवर माझे चाळीसेक तास भरले असतील.

केर काढायचा आठवडा

श्टुटगार्ट भागात आणखी एक दार आहे आणि ते जिन्यात आहे. 'केरवोख' म्हणतात त्याला. योगायोग असा, की 'केर' इथेही झाडण्याशीच जोडलेला: 'केरेन' म्हणजे झाडणं, 'वोख' म्हणजे आठवडा. इमारतीतल्या भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना झाडायचा, कधी अंगण आणि फुटपाथही, बर्फ पडला तर तोही लोटायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवली जाते. आपलं झालं की पाटी पुढच्या दारावर.

पहिल्यांदा ती पाटी दारावर दिसली तेव्हा मला वाटलं कुणीतरी जाहिरात लावली. काढून कपाटावर ठेवून दिली. पुढच्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. रागावल्या नाहीत, पाटी मागितली, मग माझाच झाडू घेऊन पायरीच्या कोपऱ्यातली धूळ कशी काढायची ते करून दाखवलं. मी मनात म्हटलं, बाई, आमच्याकडे अंगण शेणाने सारवतात, मला झाडू शिकवू नका. पण दर पाळीला त्यांच्याशी जिन्यात दहा मिनिटं बोलणं होऊ लागलं. माझं जर्मन क्लासपेक्षा त्या जिन्यात जास्त सुधारलं.

नियमांकडे असंही पाहता येतं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी ड्रिल नाही, रिकाम्या बाटल्या कंटेनरात टाकणंसुद्धा नाही, दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीचं कलम 1919 च्या वायमार राज्यघटनेतून आजच्या राज्यघटनेत जसंच्या तसं आलं आहे. रविवारी भल्या सकाळी इडलीचं पीठ मिक्सरला लावलं तर शेजाऱ्याचं भाषण ऐकायला लागण्याची शक्यता आहे. ते भाषण म्हणजे वंशद्वेषच असतो असं नाही; जर्मन शेजाऱ्यालाही तेच ऐकावं लागतं.

"इंग्रजी येतं की सगळ्यांना!"

येतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये अस्खलित. पण जेवणाच्या टेबलावर काय होतं ते पाहा. तुम्ही बसता, सगळे तुमच्यासाठी इंग्रजीत सुरू करतात. तिसऱ्या मिनिटाला कुणाला विनोद आठवतो, तो जर्मनमध्येच आठवतो, दुसरा त्यावर कडी करतो आणि तुम्ही सूप ढवळत बसता. मुद्दाम कुणी केलेलं नसतं.

यावर चिडण्याआधी पुण्यातल्या ऑफिसची आठवण काढावी. मणिपूरची किंवा तमिळ मुलगी टेबलावर असताना आपण किती मिनिटं हिंदी-इंग्रजीत टिकायचो? मी प्रामाणिकपणे सांगते, मी दोन मिनिटंसुद्धा नाही. ती मुलगी हसून डब्यात पाहायची, ते मला इथे आल्यावर कळलं.

जर्मन पूर्ण यायची वाट पाहू नये. मोडकं-तोडकं बोलायला लागलं की लोक हळू बोलतात, चुका दुरुस्त करतात. हे दुरुस्त करणं आपल्याला उद्धटपणा वाटतं, त्यांना ती मदत वाटते.

"आपलं मराठी मंडळ काय वाईट आहे?"

मुळीच नाही. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन अशा शहरांत मराठी मंडळी गणपती बसवतात आणि पहिल्या थंडीत ती आरती औषधासारखी लागते. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञांनी परक्या समाजात राहण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत: स्वतःचं सोडून तिथलं घेणं, तिथलं टाळून स्वतःचं धरणं, दोन्ही धरणं आणि दोन्ही सुटणं. मंडळात जाणारा माणूस दुसऱ्या तऱ्हेत अडकतोच असं नाही. गुरुवारी बॅडमिंटन आणि शनिवारी आरती, यात काही विरोध नाही.

अडचण एकाच ठिकाणी येते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलगांकडून नाही तर दूरच्या ओळखीतून येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. घर रिकामं होतंय, बालवाडीत जागा आहे, अमका डॉक्टर नवे पेशंट घेतोय, ही बातमी फेराइनमधल्या अर्धवट ओळखीच्या बाईंकडून येते. आपल्या मंडळातले सगळे तर तेच घर शोधत असतात.

"सगळं आम्हीच का करायचं?"

हा आक्षेप मला मान्य आहे. नाव परकं दिसलं की घरमालक उत्तरच देत नाहीत, हा अनुभव इथे सर्रास आहे. भेदभावाविरुद्धचा कायदा 2006 पासून आहे, पण न आलेल्या ईमेलवर खटला कसा भरणार? फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला. ट्राममध्ये कुणी घालूनपाडून बोललं तर तो तुमच्या तासांच्या हिशोबाचा दोष नाही. तासांचा उपयोग तिथे होतो जिथे दार नुसतं जड असतं. कुलूपच लावलेल्या दारापुढे तास वाया घालवू नयेत.

सगळ्यात एकटं कोण?

विद्यार्थी नव्हे. नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर आलेलं माणूस. नोकरी सोडून आलेली इंजिनिअर बायको बहुतेक घरांत दिसते. कुटुंबाच्या परवान्यावर काम करता येतं, पण भाषेविना मिळत नाही. डिसेंबरात आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला मावळतं. जोडीदार घरी येतो तो दिवसभर माणसांशी बोलून थकून, आणि हिला दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलायचं असतं. यातून होणारी भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

तिच्यासाठी तासांची मोठी खाण म्हणजे सरकारी इंटिग्रेशन कोर्स: 600 तासिका भाषेच्या, 100 देशाच्या ओळखीच्या. प्रवेश परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असतो, आधी चौकशी करावी. तीच बाकं, तीच माणसं, महिनोन्‌महिने. तिथे जर्मन माणूस भेटतो तो फक्त शिक्षक. बाकी सीरिया, युक्रेन, तुर्कस्तान. पण तिथली मैत्री दुय्यम मानू नये. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण सीरियातल्या अलेप्पोची आहे आणि आम्ही दोघी अजून एकमेकींशी चुकीच्या जर्मनमध्ये भांडतो.

नॉर्वेचे स्व्हेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियनांचा अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. मधल्या काळात परतलेल्यांचं सगळ्यात अवघड गेलं होतं. नंतरच्या संशोधकांनी हा आलेख सगळ्यांना लागू होत नाही असं दाखवलं. तरी घरी फोनवर "परत येऊ का?" असं विचारणारा माणूस बहुधा याच मधल्या पट्ट्यात असतो, हे फोन उचलणाऱ्या आईबापांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

भाचा नोव्हेंबरपासून टेबल टेनिसच्या फेराइनला जातो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. वाढदिवस सरावाच्याच दिवशी येतोय, आणि इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांसाठी केक न्यायचा असतो हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"मावशी, ओव्हन नाहीये माझ्याकडे. शिरा केला तर चालेल?"

"चालेल की. पण त्यात काय काय घातलंस त्याची चिठ्ठी आधी लिही."